आत वळलेले पाय

उद्यान खात्यात फवारणीचा मुकादम होऊन त्याला एकोणीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत त्याच्या नावाने कुणी बोटं मोडली नव्हती. माणूस सरळ. पंप धुतल्याशिवाय घरी जायचा नाही, आणि हाताखालच्या माणसांना हातमोजे चढवल्याशिवाय औषधाच्या डब्याला शिवू द्यायचा नाही. औषधच म्हणायचे सगळे. विष म्हटलं तर ते पाठीवर घेऊन रोज हिंडायला कोण तयार होणार?

घर दुसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचं. बायको पोस्टात खिडकीवर बसायची. मूलबाळ नव्हतं, आणि आता त्याबद्दल बोलणंही होत नसे. चार वर्षांपूर्वी सासूबाई राहायला आल्या. त्या स्वेटरच्या कारखान्यात एकतीस वर्षं कॉलर जोडायच्या कामावर होत्या. कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने निरोपाचं म्हणून घड्याळ देऊ केलं. त्या म्हणाल्या, "वेळ बघून आता कुठे जायचंय? त्यापेक्षा उरलेली लोकर द्या." तर एक ट्रंक कपडे आणि अकरा पोती लोकर असा त्यांचा संसार जिना चढून वर आला. मुकादमाने कुरकुर न करता बोळात छतापर्यंत फळ्या ठोकून दिल्या. सासू-जावयाचं एरवी जमतं ते दोघंही पाहुण्यासारखी वागतात म्हणून. यांचं मनापासून जमलं होतं. त्या त्याला अहो-जाहो करायच्या, तो त्यांना आई म्हणायचा, आणि संध्याकाळी चहा घेताना दोघं मिळून बायकोच्या पोस्टातल्या साहेबिणीची टिंगल करायची.

सकाळी नऊला सासूबाई विणकामाची पिशवी घेऊन झाडांच्या रस्त्यावर जाऊन बसत. वाचनालयापासून इस्पितळाच्या फाटकापर्यंत दोन्ही बाजूंनी वीस-वीस मोठी झाडं होती. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांना फिकट पिवळ्या फुलांचे घोस येत, आणि मग वर एवढा गुंजारव चाले की बाकावरच्या माणसाला शेजारच्याशी आवाज चढवून बोलावं लागे. सासूबाईंना ते फार आवडायचं. "कारखाना चालू असल्यासारखं वाटतं," त्या म्हणायच्या, "फक्त भोंगा वाजत नाही."

त्या वर्षी झाडांवर मावा पडला, पानांतला रस शोषणारी बारीक कीड. पानांवरून चिकटा ठिबकायला लागला. मोटारींच्या काचा चिकट, बाकं चिकट, दुकानांच्या पायऱ्या चिकट. तक्रारींवर तक्रारी आल्या, आणि एका शुक्रवारी सकाळी साहेबांनी मुकादमाला बोलावून घेतलं.

"आजच्या आज तो रस्ता मारून घे."

"साहेब, झाडं फुलोऱ्यात आहेत."

"मग?"

"फुलोऱ्यात मारायचं नसतं. डब्यावर लाल अक्षरात लिहिलंय. पंधरा दिवस थांबू, फुलं गळली की मारतो."

"सोमवारी बाहेरची बडी मंडळी त्या रस्त्याने पायी जाणार आहेत. त्यांच्या डोक्यावर चिकटा पडला तर तू रुमाल घेऊन मागे पळणार आहेस का?"

"मग निदान सूर्य मावळल्यावर मारू. तोवर मधमाश्या परत गेलेल्या असतात."

"संध्याकाळी माणसं कुठून आणू? जा, वाद घालू नकोस."

दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा त्याने सांगितलं नाही. पुढे कित्येक महिने हेच त्याच्या डोक्यात घोळत राहिलं, की तिसऱ्यांदा सांगितलं असतं तर? पण त्या वेळी त्याने मान हलवली, गाडी काढली, आणि अकरा वाजता, ऐन उन्हात, पहिल्या झाडावर पाइप रोखला. रस्ता दोन्ही टोकांना बंद केलेला होता, आणि सासूबाई त्या दिवशी गुडघा दुखतो म्हणून घरीच राहिल्या होत्या. तुषार वर चढला तसा गुंजारव थांबला नाही, उलट वाढला. मग हळूहळू विरळ होत गेला. तोंडावर मुसकं होतं, कानांवर काही नव्हतं.

संध्याकाळी कचेरीतल्या कारकुनाने फवारणीची वही पुढे सरकवली. वेळेच्या रकान्यात आधीच लिहिलेलं होतं: रात्री आठ. फक्त सही राहिली होती. मुकादमाने सही केली.

शनिवारी त्याला सुट्टी असायची. तो उशिरा उठून बाहेर आला तर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, आणि त्यावर सासूबाईंनी सुया ठेवायच्या डब्यातून काय काय काढून ओळीने मांडलेलं. मधमाश्या. गुबगुबीत केसाळ भुंगे. निळसर पंखांचा एक मोठा काळा भुंगा. दोन पतंग.

"हे काय, आई?"

"तुम्हीच सांगा. झाडांतलं तुम्हाला कळतं. सगळा रस्ता भरलाय हो. पाय टाकायला जागा नाही. काही तर अजून पाय हलवत होत्या."

तो चहाचा कप हातात धरून उभा राहिला. बायको मागून आली, तिने नाक मुरडलं. "आई, जेवायच्या टेबलावर?"

"साथ आली असेल," मुकादम म्हणाला. "त्यांच्यातही साथी येतात."

"एका दिवसात?"

"येते कधी कधी."

सासूबाईंनी मान डोलावली. जावयाच्या शब्दावर अविश्वास दाखवायचं त्यांना काही कारणच नव्हतं, आणि हेच त्याला सगळ्यात जास्त लागलं. त्यांनी कॉलरचे बारीक टाके बघायचं भिंग काढलं आणि एका भुंग्यावर धरलं. बराच वेळ बघत राहिल्या. पाठीवर पिवळा पट्टा, मग काळा, शेपटाकडे तांबूस, आणि त्या सगळ्यावर मऊ दाट लव.

"अगं बाई," त्या हलकेच म्हणाल्या, "यांनी तर जन्मतःच स्वेटर घातलाय."

त्या दिवशी घरात कुणी हसलं नाही.

पुढचे तीन दिवस सासूबाई पहाटे रस्ता झाडणाऱ्या बाईच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. ती म्हणाली, दोन पोती भरली मी, आज तिसरं. वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंनी त्यांना चित्रांचं जाडजूड पुस्तक काढून दिलं, आणि सगळं समजावून सांगितलं: फळ धरतं ते या जिवांच्या ये-जा करण्यामुळे, परागकण एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेणारं दुसरं फारसं कुणी नाही, आणि हे जीव गेली कित्येक वर्षं कमी कमी होत चाललेत. सासूबाईंच्या डब्यात सात जाती निघाल्या. एक जात तर ग्रंथपालबाईंनी स्वतः कधी पाहिलीच नव्हती. "मी पाहिली," सासूबाई म्हणाल्या, "पण मेल्यावर."

त्यांनी खात्याला पत्र टाकलं. तीन ओळींचं उत्तर आलं: कीटकांचा मृत्यू नैसर्गिक कारणाने झालेला दिसतो. ते पाकीट मुकादमानेच जिन्याखालच्या टपालपेटीतून काढून वर आणलं. पाकिटावरचा शिक्का त्याच्या ओळखीचा होता.

"नैसर्गिक म्हणजे काय हो?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे... आपोआप."

"आपोआप तर स्वेटरचा टाकासुद्धा सुटत नाही," त्या म्हणाल्या, आणि उठून बोळातल्या फळ्यांकडे गेल्या.

त्या दुपारपासून घरात विणकाम सुरू झालं. कारखान्यातल्या जुन्या तिघी मैत्रिणी यायला लागल्या. एक थोरली, जिला सगळ्या ताई म्हणत. एक चष्मेवाली. आणि तिसरी बोलकी, म्हणजे जी वर्षातून दोनदा बोलायची. चौघींनी पुढची खोली काबीज केली. चाळीस झाडांना चाळीस पट्टे विणायचे, बुंध्याभोवती छातीच्या उंचीवर बांधता येतील एवढे, आणि प्रत्येक पट्ट्यावर दहा कीटक. तपकिरी, मधासारखा पिवळा, कोळशासारखा काळा, सगळे रंग पोत्यांतून निघाले. पंखांना राखाडी रेशमी दोरा, क्रोशाने विणलेला. प्रत्येक कीटक तळहाताएवढा, पाठीवर पडलेला, सहाही पाय पोटाकडे आत वळलेले.

लेकीने एक हातात घेऊन पाहिला. "आई, पाय जरा सरळ केलेस तर किती गोड दिसतील! लोक घरी न्यायला मागतील."

"गोड दिसायला मी खेळणी विणत नाहीये. मेल्यावर त्यांचे पाय असेच होतात. डब्यात बघ."

मुकादम कामावरून यायचा तेव्हा चौघींच्या सुया चाललेल्या असायच्या. तो चपला काढायचा, खाली मान घालून आत जायचा. चष्मेवाली एकदा म्हणालीसुद्धा, "तुझा जावई हल्ली फार लाजतो गं." सासूबाई म्हणाल्या, "दमतात ते. उन्हातान्हाचं काम."

आत मोरीत नळ सोडून तो नुसता उभा राहायचा. सांगायला दहा शब्दसुद्धा लागणार नव्हते. पण पहिल्या दिवशी जी गोष्ट सांगायला सोपी असते ती दहाव्या दिवशी अवघड होते, आणि महिन्याने तिचा डोंगर होतो. शिवाय आता खोट्याला खोटं लागून साखळीच झाली होती: साहेबांचं खोटं, वहीतलं खोटं, पत्रातलं खोटं. यांतलं त्याच्या तोंडचं खोटं सगळ्यात लहान होतं, आणि तेच त्याच्या घशात अडकलं होतं.

दोन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, चौघी जणी आणि झाडूवाली बाई मिळून पट्टे बांधायला निघाल्या. मुकादमाला शिडी धरायला बोलावलं. त्याने पाठ धरल्याचं सांगितलं आणि घरीच बसला. बांधून झाल्यावर प्रत्येक पट्ट्यावर, कीटकांच्या वर, लाल लोकरीत विणलेला एकच शब्द दिसत होता: कशाने?

लोक थांबायला लागले. इस्पितळात जाणारे थांबले, येणारे थांबले. काही जण गोंडस म्हणून फोटो काढायला जवळ गेले, आणि पाय बघून त्यांचा हात खाली आला. एका वर्तमानपत्राने चौथ्या पानावर छायाचित्र छापलं. शाळेच्या बाई मुलांची रांग घेऊन आल्या आणि प्रत्येक झाडापाशी मुलांना मोजायला लावलं. ग्रंथपालबाईंनी वाचनालयाच्या दारात ते पुस्तक उघडं ठेवलं, सातही पानांवर खुणा घालून. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानदाराने खिडकीत फुलझाडांची कुंडी ठेवली, मग त्याच्या शेजारच्या चष्म्यांच्या दुकानदाराने दोन ठेवल्या, कारण त्या दोघांचं जन्माचं वैर होतं.

आणि जो तो जाता-येता तोच शब्द वाचायचा. मुकादमाला कामावर जायला दुसरी वाट नव्हती. चाळीस झाडं, चाळीसदा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

तीन आठवड्यांनी साहेबांनी त्याला पुन्हा बोलावलं. मेजावर वर्तमानपत्राचं कात्रण होतं.

"ही फडकी काढून टाक."

"साहेब..."

"ओल्या लोकरीने खोड कुजतं, असं कारण लिहून ठेवलंय. खोटं आहे का?"

"नाही. पावसाळी हवेत कुजतं."

"मग झालं तर. कारण खरं आहे, हुकूम लेखी आहे. कात्री घेऊन जा."

ते विणकाम कुणाच्या घरातलं आहे हे साहेबांना ठाऊक नव्हतं. मुकादमाने सांगितलंही नाही. मंगळवारी सकाळी दहा वाजता तो फांद्या छाटायची मोठी कात्री घेऊन पहिल्या झाडापाशी गेला. पट्ट्याखाली पातं घातलं आणि दाबलं. लोकर कचकन तुटली. दुसऱ्या झाडापाशी औषधवाला दुकानदार बाहेर येऊन उभा राहिला. तिसऱ्या झाडाचा पट्टा कापताना एक भुंगा सुटून खाली पडला, पाठीवर, पाय आत वळलेले. फवारणीनंतर तो त्या रस्त्याने गेला होता तेव्हा त्याने खाली बघितलंच नव्हतं. आत्ता बघितलं.

त्याने तो उचलला. तिन्ही पट्टे पोत्यात भरले आणि घरचा रस्ता धरला.

बायको पोस्टात गेली होती. सासूबाई एकट्याच खिडकीपाशी बसल्या होत्या. त्याने पोतं उघडून टेबलावर रिकामं केलं. त्या उठून जवळ आल्या, कापलेली कड हातात धरली. कापलेल्या विणीचे टाके पळत होते, एकामागून एक, पाण्यासारखे.

"कापलंत?" त्या म्हणाल्या. "मागे गाठ होती हो. सोडली असती तरी निघालं असतं."

"साहेबांचा हुकूम होता."

"हुकूम पट्टे काढायचा होता. कापायचा नव्हता." त्यांनी सुई घेतली आणि पळणारे टाके पकडायला बसल्या. "उभे का? बसा."

तो बसला नाही. "आई, साथ नव्हती. औषध मी मारलं."

सुई थांबली नाही. एक टाका, दुसरा, तिसरा.

"कधी?"

"आदल्या दिवशी. शुक्रवारी."

"किती वाजता?"

"अकरा. सकाळी."

"झाडावर माश्या होत्या?"

"भरून होत्या."

"मरतील हे माहीत होतं?"

"हो. माझ्या माणसांना मीच शिकवतो, फुलोऱ्यात मारायचं नाही म्हणून."

सुई चालूच राहिली. त्याला वाटलं, विणतायत म्हणजे राग आला नसावा, आणि तो हळूच खुर्चीवर टेकला. तेव्हा त्यांनी मान वर केली. इतक्या वर्षांत त्यांनी त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"ओळ अर्धी सोडली तर सगळं उसवतं, म्हणून विणतेय. तुम्हाला माफ केलं म्हणून नाही." मग पुन्हा खाली बघून म्हणाल्या, "माझ्या पोटच्या पोरीच्या घरात, माझ्यासमोर बसून, दोन महिने तुम्ही मला ते विणताना बघितलंत."

"आई, मला सांगायचं होतं..."

"मला सांगून काय उपयोग? मी काय मधमाशी आहे? तो प्रश्न मी रस्त्यावर टांगलाय. उत्तर तिथे द्या. नाहीतर देऊ नका. मी कुणाचा हात धरून लिहून घेणार नाही."

संध्याकाळी बायकोला कळलं तेव्हा घराचं रणांगण झालं. ती आधी नवऱ्यावर बरसली, मग आईवर. "तू झाडांना कानटोप्या घालतेस आणि घराला उघडं पाडतेस! यांची नोकरी गेली तर तुझ्या माश्या येणार आहेत का आम्हाला सांभाळायला?" सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मी यांना काही सांगायला लावलेलं नाही." ते खरं होतं, आणि त्यामुळेच बायकोचा राग आणखी भडकला. मग ती रडली. मग तोंड धुऊन तिने भांडी आवरली, कारण ती आवरल्याशिवाय तिला स्वस्थ बसवत नसे.

मुकादमाने सहा दिवस घेतले. उरलेले पट्टे काढायला तो गेला नाही. साहेबांना म्हणाला, कात्री धार लावायला टाकलीय. सातव्या दिवशी तो वेळेच्या आधी कचेरीत गेला, फवारणीची वही मागून घेतली आणि स्वतःच्या सहीखाली लिहिलं: वरील वेळ खोटी आहे. फवारणी सकाळी अकरा वाजता, झाडं फुलोऱ्यात असताना केली. खाली पुन्हा सही. कारकून वाचून पांढरा पडला. "अरे, हे काय केलंस? आता हे खोडताही येणार नाही."

"म्हणून तर शाईने लिहिलं," मुकादम म्हणाला.

तिथून तो झाडांच्या रस्त्यावर गेला. खिशात जाड कागदाच्या चिठ्ठ्या होत्या, घरी बसून रविवारी लिहिलेल्या. पहिली तीन झाडं उघडी होती. त्यांना त्याने चिठ्ठ्या नुसत्या दोऱ्याने बांधल्या. बाकीच्या सदतीस झाडांवर लाल शब्दाच्या खाली एक एक. प्रत्येक चिठ्ठीवर तेच: "औषधाने. फुलोऱ्यात, सकाळी अकरा वाजता. मी मारलं. फवारणीचा मुकादम." अंगावर खात्याचा गणवेश होता. तो मुद्दामच घालून आला होता.

लोक मागे जमायला लागले. कुणीतरी मोठ्याने वाचलं. एक बाई म्हणाली, "आणि आता मिरवतोय वर!" एक म्हातारा त्याच्या पायापाशी थुंकला. औषधवाला दुकानदार दारातून म्हणाला, "अहो, चिकटा पडतो म्हणून तक्रार माझीच होती की. सह्या मीच गोळा केल्या होत्या." हे म्हणताना तो दुकानात जायला वळला आणि पुन्हा बाहेर आला, त्याला कुठे जावं ते कळेना. मुकादम गाठ मारून पुढच्या झाडाकडे जात राहिला. चाळिसावी गाठ मारून झाली तेव्हाच तो थांबला.

पुढे काय व्हायचं ते झालं. त्याला दोन महिने घरी बसवलं. चौकशी झाली. साहेबांनी सांगितलं, मी फक्त रस्ता स्वच्छ कर म्हणालो होतो. लेखी काही नव्हतं. साहेबांची बदली झाली, ती दुसऱ्या गावी, वरच्या जागेवर. मुकादमाची मुकादमी गेली आणि त्याला रोपवाटिकेत साधा माळी म्हणून नेमलं. एक नियम मात्र झाला: फुलोऱ्यातल्या झाडाला औषध मारायचं तर दोन जणांच्या सह्या लागतील आणि आधी रस्त्यावर फलक लावावा लागेल. फलक लावायची वेळ आली की लोक विचारायला लागतात, त्यामुळे तो प्रसंग फारसा येईनासा झाला. मावा पडला की झाडं पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायची, असं ठरलं. चिकटा पुरता जात नसे. मोटारवाले कुरकुरत राहिले.

घरी बसलेल्या त्या दोन महिन्यांत सासूबाई त्याच्याशी कामापुरतं बोलत. मीठ द्या. दार लावा. चहाच्या वेळी त्या आपला कप घेऊन खिडकीपाशी जात. एके दुपारी त्यांना लोकरीच्या लडीचा गुंडा करायचा होता आणि मैत्रिणींपैकी कुणी आलं नव्हतं. त्या थोडा वेळ थांबल्या, मग म्हणाल्या, "हात पुढे करा."

त्याने दोन्ही हात पुढे केले. त्यांनी लड त्याच्या मनगटांत अडकवली आणि समोर बसून गुंडाळायला लागल्या. असं बसलं की उठता येत नाही, नाकाला खाज सुटली तरी.

"त्या दिवशी," त्या म्हणाल्या, "मी ते डब्यातले टेबलावर मांडले, तेव्हा तुम्ही खरं सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं, माहितीय?"

"काय?"

"तुमच्यावर ओरडले असते. दोन दिवस जेवले नसते. आणि मग गप्प बसले असते. जावयाची नोकरी आहे म्हणून." गुंडा त्यांच्या हातात फिरत होता. "म्हणजे मीही काही फार शहाणी नाही."

"म्हणजे झालं ते बरं झालं म्हणता?"

"बरं कसलं? तीन पोती मेल्या." त्यांनी त्याचा डावा हात जरा वर उचलला, लोकर अडकली होती. "ताठ धरा."

पावसाळी हवा जोर धरायच्या आत सासूबाईंनी पट्टे उतरवायला घेतले. त्यानेच त्यांना खोडाला बोट लावून दाखवलं होतं, सालीवर हिरवट बुरशी धरायला लागली होती ती. "मग कारण खरंच होतं की," त्या म्हणाल्या. एकेक गाठ सोडून, काहीही न कापता, सदतीस पट्टे निघाले. ते धुऊन, वाळवून ग्रंथपालबाईंकडे गेले. दुसऱ्या दोन गावांतल्या बायकांनी विणीचं वर्णन मागवलं, कारण त्यांच्याकडेही झाडं होती आणि त्यांच्याकडेही असाच एक शनिवार आला होता. चष्मेवालीने ते सुवाच्य अक्षरात लिहून काढलं: किती टाके घालायचे, रंग किती ओळींनी बदलायचा, पंख कुठे जोडायचे. शेवटी सासूबाईंनी एक ओळ घालायला लावली: पाय आतच वळवावेत, कुणी काहीही म्हणो.

पुढच्या वर्षी झाडं वेळेवर फुलली. फुलायला त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास सासूबाई निघाल्या, आणि दारातून वळून म्हणाल्या, "येताय?"

तो गेला. ग्रंथपालबाईंनी त्यांना मोजणीची पद्धत शिकवली होती: एका झाडाखाली दहा मिनिटं उभं राहायचं, एकच फांदी धरायची आणि तिच्यावर येणारा प्रत्येक जीव लिहायचा. सासूबाईंची नजर आता अंधुक होत चालली होती, म्हणून बघायचं त्याने आणि लिहायचं त्यांनी, असं ठरलं.

पहिल्या झाडाखाली उभं राहिल्यावर दोघांनाही आधी जाणवली ती शांतता. वर काहीतरी चाललं होतं, पण तुटक. शेजारच्याशी बोलायला आवाज चढवायची गरज नव्हती.

"एक मधमाशी," तो म्हणाला. "आणखी एक. ती बारीक पट्ट्यांची माशी. दोन."

"भुंगा?"

"नाही."

दहा मिनिटांत अकरा झाले. दुसऱ्या झाडाखाली सहा. तिसऱ्या झाडाखाली मान वर करून करून त्याची मान अवघडली, डोळ्यांत पाणी यायला लागलं, ते उन्हाने की कशाने हे त्याचं त्यालाच कळेना. मग वरच्या घोसात काहीतरी जड हललं. फूल वाकलं. केसाळ, पिवळा-काळा, मागे तांबूस.

"आहे," तो म्हणाला. "आई, आहे एक."

"कुठाय? मला दिसत नाही."

"उजवीकडे. तिसऱ्या घोसात. आता चौथ्यात गेला."

सासूबाई डोळे बारीक करून वर बघत राहिल्या. त्यांना काही दिसलं की नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी वहीत आकडा लिहिला, त्याच्यासमोर जातीचं नाव लिहिलं, आणि पेन्सिल कानामागे खोचली.

"अजून सदतीस आहेत," त्या म्हणाल्या, आणि दोघं पुढच्या झाडाकडे निघाली.